क्रेस्टोन: एका रस्त्याच्या टोकाला एवढे धर्म कसे नांदतात?

"एवढे सगळे एका ठिकाणी, मग भांडणं होत नाहीत का गं?"

आईने हे विचारलं तेव्हा आमची गाडी कॅमिनो बाका ग्रांदे नावाच्या रस्त्याने हळूहळू चालली होती. अर्ध्या तासात आम्ही कार्मेलाइट पंथाच्या ख्रिस्ती मठाचं वळण मागे टाकलं होतं, झेन केंद्राकडे चढणारी वाट पाहिली होती आणि झाडांवरून डोकावणारा तिबेटी स्तूपाचा कळस आईने स्वतः शोधून दाखवला होता. संध्याकाळी देवीच्या आरतीला जायचं होतं. त्या वेळी मी तिला "नाही होत" एवढंच सांगितलं. ते उत्तर माझं मलाच पटलं नाही. तेव्हापासून त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं मनात होतं, ते इथे देते.

गावाचं नाव क्रेस्टोन. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, सवाच काउंटीत. डेन्व्हरहून निघालं की गाडीने चार तास लागतात. पोंचा पासचा घाट उतरला की समोर सॅन लुईस व्हॅली उघडते. हिला दरी म्हणायचं खरं, पण ही आपल्या सह्याद्रीतल्या दऱ्यांसारखी नाही. हे प्रचंड सपाट पठार आहे, जवळजवळ दोनशे किलोमीटर लांब, आणि तळच मुळी साडेसात हजार फुटांवर. मॉफट नावाच्या वस्तीपाशी डावीकडे वळायचं आणि काउंटी रोड टी धरायचा. हा रस्ता सुतासारखा सरळ डोंगराकडे जातो आणि तिथेच संपतो. पलीकडे जायला घाट नाही, खिंडीतून रस्ता नाही. आलात त्याच वाटेने परत फिरायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

रस्ता संपतो तिथे सांग्रे दे क्रिस्तो पर्वतरांग भिंतीसारखी उभी राहते. नावाचा अर्थ ख्रिस्ताचं रक्त. क्रेस्टोन पीक, क्रेस्टोन नीडल, किट कार्सन, चॅलेंजर पॉइंट ही चारही शिखरं चौदा हजार फुटांहून उंच आहेत. गाव त्यांच्या पायथ्याशी, म्हणजे सुमारे ७,९०० फुटांवर. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, तेव्हा तिच्या जवळपास दीडपट उंचीवर हे गाव वसलंय. २०२०च्या जनगणनेत गावठाणात दीडशेसुद्धा माणसं नव्हती. लागूनच बाका ग्रांदे ही मोठी विखुरलेली वसाहत आहे, तिथे हजाराच्या आसपास लोक राहतात. एवढ्याशा वस्तीत वेगवेगळ्या परंपरांची दोन डझनांच्या आसपास साधनाकेंद्रं आहेत.

हे जमलं कसं

लोक सांगतात की जागाच पवित्र आहे, म्हणून सगळे ओढले गेले. या श्रद्धेचा मला आदर आहे. दरीच्या दक्षिणेकडचं ब्लांका शिखर नावाहो आदिवासींच्या चार पवित्र पर्वतांपैकी पूर्वेचा पर्वत आहे, आणि ही सारी भूमी पिढ्यान्‌पिढ्या यूट आदिवासींच्या वावराची. पण पावित्र्य पाहून मठ बांधायचा म्हटला तरी सातबारा लागतोच. क्रेस्टोनची गोष्ट समजून घ्यायची तर आधी जमिनीची गोष्ट ऐकायला हवी.

लुईस मारिया काबेसा दे बाका नावाच्या गृहस्थांना न्यू मेक्सिकोत मोठी जमीन इनाम मिळालेली होती. त्याच जमिनीवर पुढे दुसऱ्यांनाही हक्क दिले गेले. तंटा मिटवायला अमेरिकी काँग्रेसने १८६० मध्ये बाकांच्या वारसांना सांगितलं, ती जमीन सोडा आणि बदल्यात दुसरीकडे पाच मोठे चौकोन निवडा. त्यातला चौथा चौकोन हा. एकर सुमारे एक लाख. ज्यांच्या वावराची ही भूमी होती त्या यूट लोकांना कुणी विचारलं नाही. १८६८च्या तहाने त्यांना या दरीतून पश्चिमेकडे लोटलं गेलं. पुढे १८८०च्या सुमारास सोन्याच्या आशेने खाणवाले आले, क्रेस्टोन वसलं, खाणी आटल्या आणि गाव पुन्हा निजलं.

१९७०च्या दशकात एका जमीन कंपनीने या चौकोनाच्या कडेला प्लॉट पाडले. एनए प्लॉटच्या जाहिराती आपण पाहतोच, तसलाच प्रकार. हजारो प्लॉट, नकाशावर रस्ते, निवृत्तीनंतरच्या शांत घराचं आमिष. घरं मात्र फारशी उठली नाहीत. ओसाड माळ, मैलोन् मैल दुकान नाही आणि हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी.

त्या दशकाच्या शेवटी कंपनीची सूत्रं मॉरिस स्ट्राँग या कॅनेडियन उद्योजकाकडे आली. १९७२च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेचे आणि पुढे १९९२च्या रिओ वसुंधरा परिषदेचे सरचिटणीस, ते हेच. त्यांची डॅनिश पत्नी हाने स्ट्राँग इथे आली आणि रमली. जगातल्या जुन्या धर्मपरंपरांना इथे जमीन द्यायची, त्यांनी आपापली साधना इथे जिवंत ठेवायची, असं हानेबाईंच्या मनाने घेतलं. बोलावणी गेली, जमिनी दिल्या गेल्या आणि १९८८ मध्ये या कामासाठी मॅनिटू फाउंडेशन नावाची संस्थाच उभी राहिली. (मॅनिटू हा शब्द अल्गाँक्वियन भाषांमधला, दूरच्या दुसऱ्या आदिवासींचा. यूटांच्या भूमीवर त्यांचा नसलेला शब्द पाटीवर लागला, हे मला दरवेळी खटकतं.)

या दानातल्या दोन गोष्टी मला कळीच्या वाटतात. एक म्हणजे जमीन दिली ती मुख्यतः जुन्या, गुरुशिष्यांची साखळी असलेल्या परंपरांना. काल उगवलेल्या बाबाला नव्हे. आणि दुसरी, प्रत्येकाला वेगळा तुकडा मिळाला. एक सामाईक सर्वधर्ममंदिर बांधून सगळ्यांना त्यात बसवलं नाही. माझ्या मते आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दुसऱ्या गोष्टीतच आहे.

कोण कोण आहे, आणि काय करतात

सगळ्यांची नावं सांगत बसत नाही. तिबेटी बौद्ध परंपरेतलीच केंद्रं सर्वांत जास्त. तिबेटातलाच बोन हा वेगळा धर्म, त्याचंही एकांतस्थान आहे. जपानची शुमेई संस्था आहे, ती खत-औषधाविना शेती हा साधनेचाच भाग मानते. अरविंदांच्या विचारांचं केंद्र आहे. आणि टेकाडावर एक गोल चढत जाणारा झिगुरात, मेसोपोटेमियाच्या प्राचीन मंदिरासारखा मनोरा आहे. तो नजीब हलाबी यांनी बांधवून घेतला, जॉर्डनच्या राणी नूर यांचे वडील. वर जायला तिकीट नाही, दार नाही.

चार ठिकाणी मात्र जरा थांबू.

कार्मेलाइट मठाचं नाव नाडा. स्पॅनिश उच्चार 'नादा', अर्थ 'काहीही नाही'. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत योहान यांनी देवाकडे जाणारी वाट एका पर्वताच्या चित्रातून दाखवली होती, आणि त्या वाटेवर पुन्हा पुन्हा हाच शब्द लिहिला होता: हेही नको, तेही नको, काहीच नको. आपल्या कानाला मात्र त्यात नाद ऐकू येतो. आई म्हणाली, "नाव तर आपलंच आहे की." हा मठ उभारणाऱ्या समूहात पुरुष आणि स्त्रिया दोघंही व्रतस्थ राहत, कॅथलिक जगात ही दुर्मीळ गोष्ट. राहायला छोट्या सुट्या कुटी, सूर्याच्या उबेवर तापतील अशा बांधलेल्या. एका कुटीत एकच माणूस आणि दिवसाचा बराच भाग मौन.

झेन केंद्र डोंगराच्या जास्त जवळ. ती जागा आधी लिंडिसफार्न नावाच्या अभ्यासकांच्या मंडळाकडे होती, त्यांनी तिथे एक घुमटाकार प्रार्थनागृह बांधलं होतं. १९८०च्या दशकात जागा रिचर्ड बेकर रोशी यांच्या संघाकडे आली. इथे वर्षातून एकदा नव्वद दिवसांचा साधनाकाळ असतो, त्याला आंगो म्हणतात. ही रीत थेट आपल्या वर्षावासातून आलेली. बुद्धाच्या काळी भिक्षू पावसाळ्यात फिरणं थांबवून एका जागी राहत, आपल्या लेण्यांमधले विहार त्यासाठीच कोरले गेले. भारत, चीन, जपान करत ती रीत कोलोरॅडोला पोचली. इथे पाऊस नाही, पण एका जागी बसणं उरलं.

स्तूपाचं नाव टाशी गोमांग, म्हणजे अनेक मंगल दारांचा. बुद्धाच्या पहिल्या उपदेशाची आठवण देणारा हा स्तूपप्रकार. तिबेटी बौद्धांच्या एका शाखेचे प्रमुख, सोळावे कर्मापा, १९८० मध्ये इथे आले होते, त्यांना दोनशे एकर जमीन देण्यात आली. पुढच्याच वर्षी ते वारले. मागे राहिलेल्यांनी दगडमातीचं काम हाती घेतलं आणि १९९६ मध्ये चाळीसेक फूट उंचीचा स्तूप पूर्ण झाला. तिथे जायचा रस्ता कच्चा आहे. खाली उतरलं की आधी वारा ऐकू येतो, मग पताका फडफडताना. आम्ही गेलो तेव्हा एक वयस्क बाई एकटीच प्रदक्षिणा घालत होती, उजवा हात स्तूपाकडे, पायात बर्फाचे बूट. आई न बोलता तिच्या मागे चालू लागली. किती फेऱ्या घालायच्या हे तिने विचारलं नाही. ती बाई थांबेपर्यंत घातल्या.

आणि हैडाखंडी आश्रम. कुमाऊँमध्ये नैनीताल जिल्ह्यात हैडाखान नावाचं खेडं आहे, तिथल्या बाबाजींचे अमेरिकी भक्त बाबाजींनी १९८४ मध्ये देह ठेवल्यावर इथे एकत्र आले आणि त्यांनी देवीचं मंदिर बांधलं. मूर्ती भारतातून आणली. बाबाजींची शिकवण तीन शब्दांची: सत्य, साधेपणा, प्रेम. जप 'ॐ नमः शिवाय'. आणि कर्मयोग, म्हणजे झाडू, पोळपाट, सरपण.

त्या संध्याकाळी आरतीला आम्ही धरून नऊ माणसं होती. सोनेरी केसांचा, हातावर राठ घट्टे असलेला एक उंच माणूस पंचारती ओवाळत होता. बाकीचे रोमन लिपीतल्या पुस्तकातून संस्कृत म्हणत होते. उच्चार आपल्याला सवयीचे नव्हेत, ताल मात्र पक्का. तबक फिरत आईपाशी आलं. तिने ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावले, आणि समोरच्या बाईने तिच्याकडे पाहून अगदी तसंच केलं. बाहेर पडल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "प्रसाद म्हणून शिरा होता. बेदाणे जास्त घातले होते."

मग भांडणं का होत नाहीत

सर्व धर्म एकच सांगतात, असं म्हटलं की आपण मान डोलावतो. क्रेस्टोनला मला हे उत्तर अपुरं वाटलं. कार्मेलाइट साधू देवाशी एकरूप व्हायला बसतो. झेन साधक देव हा शब्दच वापरत नाही. बोनचे लोक बौद्धांहून आपली परंपरा वेगळी आणि जुनी मानतात. हैडाखंडीला साक्षात देवीची मूर्ती आहे आणि तिला रोज वस्त्रं, फुलं, नैवेद्य लागतो. ही माणसं एकच गोष्ट सांगत नाहीत, आणि त्यांना तशी सक्तीही कुणी करत नाही.

ती भांडत नाहीत कारण देवाच्या बाबतीत त्यांचं काहीच सामाईक नाही. मंदिर वेगळं, कोठी वेगळी, पेटी वेगळी, वेळापत्रक वेगळं. आपल्याकडे देवस्थानांची भांडणं आठवून पाहा. मानाची पूजा कुणाची, पालखी आधी कुणाची, दानपेटीची किल्ली कुणाकडे. ही सगळी एका छपराखालची भांडणं. वारीत प्रत्येक दिंडी आपला क्रमांक धरून चालते, आपली वीणा, आपला स्वयंपाक, आपलं तळ ठोकणं. तो क्रम मोडला की तंटा होतो आणि पाळला की हजारो माणसं बिनबोभाट चालतात. क्रेस्टोनमध्ये अंतरानेच क्रम पाळला आहे.

त्यात एकांतवास हे या केंद्रांचं मुख्य काम. तिबेटी परंपरेतला मोठा एकांतवास तीन वर्षं, तीन महिने, तीन दिवसांचा असतो. जो माणूस तीन वर्षं कुटीबाहेर पडणार नाही, तो शेजाऱ्याच्या घंटेवरून वाद घालायला येत नाही. आणि इथे येणारा बहुतेक जण आपल्या धर्मासाठी माणसं गोळा करायला आलेला नसतो. माणसांपासून थोडं दूर व्हायला आलेला असतो.

पण वेगळं राहण्याने फक्त भांडण टळतं. शेजार होत नाही. शेजार झाला तो पाण्यामुळे, आगीच्या भीतीमुळे आणि मरणामुळे.

पाणी

हा भाग थोडा किचकट आहे, पण क्रेस्टोन कळायचं तर हाच कळायला हवा.

दरीच्या तळाशी वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाऊस पडतो. सगळं पाणी डोंगरावरच्या बर्फाचं. दरीच्या उत्तर भागातले ओढे कुठल्याच नदीला मिळत नाहीत. डोंगरातून धावत येतात, माळावर आले की वाळूत शिरतात आणि दिसेनासे होतात. अशा भागाला बंदिस्त खोरं म्हणतात. मुरलेलं पाणी खाली दोन थरांत साठतं, एक वरचा आणि एक चिकणमातीखाली दाबलेला खोल थर. वरून पाहिलं तर वाळवंट, पोटात पाणीच पाणी.

आता कोलोरॅडोचा पाणीकायदा. तिथे पाण्यावर हक्क काठावरच्या जमिनीने मिळत नाही. ज्याने आधी पाणी वापरायला घेतलं त्याचा हक्क आधी. पाणी कमी पडलं की शेवटी आलेल्याचा नळ पहिला बंद. याच दरीच्या दक्षिणेला सॅन लुईस गाव आहे, तिथला गावकऱ्यांनी खणलेला पाट राज्यातला सर्वांत जुना अखंड पाणीहक्क सांगतो, १८५२चा. आणि हा हक्क विकता येतो. शेतकऱ्याकडून विकत घेऊन पाणी डोंगरापलीकडच्या शहराला नेता येतं.

१९८६ मध्ये अमेरिकन वॉटर डेव्हलपमेंट या कंपनीने अर्ज केला, की बाकाच्या जमिनीखालून दरवर्षी दोन लाख एकर-फूट पाणी उपसू द्या. एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी. आपल्या मापात हा उपसा वर्षाला पावणेनऊ टीएमसीच्या घरात जातो. पानशेत धरण काठोकाठ भरलं तर त्यात साडेदहा टीएमसी मावतं, यावरून अंदाज करा. तेवढं पाणी एका वाळवंटाच्या पोटातून, दरवर्षी.

या कंपनीच्या मुळाशी होते मॉरिस स्ट्राँगच. एका हाताने जमीन धर्मांना दिली जात होती आणि दुसरीकडे तिच्या पोटातलं पाणी विकायचा बेत चालला होता. ते पुढे कंपनीतून बाहेर पडले, पण खटला चालूच राहिला. हे लपवून क्रेस्टोनची गोड गोष्ट सांगणं मला बरोबर वाटत नाही.

बटाटे आणि सातू पिकवणारे दरीतले शेतकरी पेटून उठले. खटल्याच्या खर्चासाठी त्यांनी मतदान करून स्वतःवर जादा कर लावून घेतला. कंपनी १९९१ मध्ये हरली आणि १९९४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही हरली. नंतर दुसरा मालक आला, त्याचेही तसेच बेत होते. शेवटी नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेच्या पुढाकाराने आणि सरकारी पैशाने बाकाची मोठी जमीन विकत घेतली गेली. तिच्या एका भागाने शेजारच्या वाळूच्या टेकड्यांचं २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान पुरं केलं आणि दुसऱ्या भागाचं अभयारण्य झालं.

तरी प्रश्न मिटला नव्हता. तिथे जमिनीचा वरचा मालक वेगळा आणि पोटातल्या खनिजाचा वेगळा असू शकतो. अभयारण्याच्या खालच्या तेलावायूचे हक्क एका कॅनेडियन कंपनीकडे होते, तिने खोल विहिरी खोदून शोध घ्यायचं ठरवलं. तेव्हा क्रेस्टोनचे रहिवासी कोर्टात गेले, आणि २००९ मध्ये खोदकामाला मनाई हुकूम मिळाला. आपल्या विहिरीत काय झिरपेल, ही चिंता जप करणाऱ्यालाही होती आणि बटाटे पिकवणाऱ्यालाही. पाण्याला पंथ नाही, हे वाक्य आपण भाषणात टाळ्यांसाठी ऐकतो. इथे ते वकिलाच्या फीमध्ये मोजलं गेलं.

आगीचंही तसंच. चहूकडे पिन्यन आणि जुनिपरची तेलकट झाडं, आणि बाहेर पडायला तो एकच रस्ता. वणवा आला तर सगळ्या धर्मांच्या गाड्या रोड टीवरच येणार. म्हणून कुंपणालगतची वाळकी झाडं काढणं, स्वयंसेवी अग्निशमन दल टिकवणं, ही कामं इथे उपासनेइतकीच नियमाने करावी लागतात.

चिता

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला घेतलं.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना ठाऊक आहे की इथे दहन म्हणजे गॅसची भट्टी. फ्युनरल होममध्ये कार्पेट, खुर्च्या, मंद दिवे. भटजी मंत्र म्हणतात, मुलगा किंवा मुलगी एक बटण दाबते, पोलादी दार खाली येतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांना असा निरोप देऊन परत येताना आई म्हणाली होती, "अग्नी दिल्यासारखं वाटलंच नाही."

क्रेस्टोनमध्ये उघड्यावर चिता रचता येते, कायद्याने. काउंटीच्या परवानगीने, २००८ पासून. 'क्रेस्टोन एंड ऑफ लाइफ प्रोजेक्ट' नावाचा गावातल्या स्वयंसेवकांचा गट हे काम करतो. आधी ही मंडळी चितेची जाळी घरोघर नेत असत, शेजाऱ्यांची तक्रार झाली म्हणून कायमची जागा शोधावी लागली. सगळ्या धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्यांसाठीही खुली असलेली अशी चिता अमेरिकेत जवळजवळ कुठेच नाही.

जागा साधी आहे. माळावर कुंपण घातलेलं वर्तुळ, मधे दोन बुटक्या भिंती आणि त्यांवर पोलादी जाळी. देह घरच्यांनी धुवायचा, कापडात गुंडाळायचा. खांद्यावरून लाकडी तिरडीने आणायचा. वारा पडलेला असतो म्हणून बहुधा सकाळी लवकर. आलेला प्रत्येक जण जुनिपरची एक हिरवी फांदी देहावर ठेवतो. मग घरचं माणूस पेटवतं. मंत्र म्हणायचे, स्तोत्र गायचं की नुसतं उभं राहायचं, हे त्या घराने ठरवायचं. आग काही तास चालते, स्वयंसेवक ती शेवटपर्यंत सांभाळतात. दुसऱ्या दिवशी राख घरच्यांच्या हाती देतात.

पाण्याने या माणसांना कोर्टात एकत्र आणलं, तसं या वर्तुळात त्यांना मरणाने आणलं. लाकूड रचणारा बौद्ध असतो, फांदी ठेवणारा ख्रिस्ती असतो, गेलेला माणूस कदाचित कशालाच मानणारा नसतो. शेजाऱ्याचा देव कसा आहे हे ठाऊक नसलं तरी त्याला उचलायला खांदा लागतो, एवढं त्यांना ठाऊक आहे. आपल्या खेड्यांत हे होतंच. परक्या मुलखातल्या, एकमेकांना अनोळखी माणसांनी ते नव्याने बसवलं, म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

पण ही सोय त्या भागातल्या रहिवाशांपुरतीच आहे, आणि नाव आधी नोंदवावं लागतं. बाहेरून देह आणून चालत नाही. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने लगेच विचारलं, "इथे खोली भाड्याने घेतली तर?" ती गंभीरपणे विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही.

जे जमलेलं नाही

चित्र एकरंगी करू नये. क्रेस्टोनचं नाव ऐकून स्वतःला अवतार म्हणवणारेही येतात. मॅनिटूने जमीन देताना परंपरा पाहिली, पण भाड्याचं घर घ्यायला परंपरा विचारत नाहीत. २०२१ मध्ये क्रेस्टोनजवळच्या एका वस्तीत, स्वतःला देवमाता म्हणवणाऱ्या एका बाईंचा वाळलेला मृतदेह अनुयायांच्या घरात सापडला. बातमी जगभर गेली आणि अनेकांनी ती इथल्या सगळ्याच केंद्रांच्या माथी मारली. ते अन्यायाचं होतं. तरी गुरूला प्रश्न विचारायची सोय कुठल्या केंद्रात किती आहे, हे जाणाऱ्याने जरूर पाहावं. मौन आणि दडपण बाहेरून सारखंच दिसतं.

दरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी स्पॅनिश बोलणारी कुटुंबं या केंद्रांमध्ये क्वचितच दिसतात. यूटांबद्दल वर लिहिलंच आहे. सगळ्या धर्मांना जागा मिळाली, आणि ज्यांची जागा होती त्यांना सर्वांत कमी.

जायचं असेल तर उन्हाळा किंवा लवकरचा शरद निवडा, हिवाळ्यात पोंचा पासवर बर्फ असतं. डेन्व्हरहून निघताना टाकी भरा. उंचीमुळे पहिल्या दिवशी डोकं दुखतं, पाणी पीत राहा. स्तूप आणि झिगुरातला कधीही जाता येतं, हैडाखंडीला आरतीला या असंच म्हणतात, बाकी ठिकाणी आधी विचारून जा, कारण आत कुणीतरी महिनोन् महिने बोललेलं नसतं. चिता बघायला म्हणून जाऊ नका.

निघताना आईने गाडी ओढ्यापाशी थांबवायला लावली. बर्फाचं पाणी होतं, बोटं बधिर होत होती. तिने ओंजळभर डोळ्यांना लावलं आणि विचारलं, "ही नदी पुढे कुठे जाते?" मी माळाकडे बोट दाखवलं. थोड्या अंतरावर हिरवी रेघ पातळ होत गेली होती आणि पुढे नुसती वाळू होती.

"तिथे मुरते," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली, आणि पदराला हात पुसत गाडीत बसली.